लाल गाडी येईपर्यंत

दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एक प्रेसनोट येते. "अग्निशमन सेवा सप्ताह, १४ ते २० एप्रिल. शाळा, दवाखाने व बाजारपेठेत प्रात्यक्षिके." सोबत एक फोटो. लाल गाडी, चार जवान, मधे नगराध्यक्ष नाहीतर मुख्याधिकारी, हातात लाल सिलेंडर. वाशिम जिल्ह्यात बातमीदारी करायला लागून मला वीस-बावीस वर्षं झाली. खरं सांगतो, ही प्रेसनोट मी कधी चार ओळींच्या वर लावली नाही. १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. त्या दिवशी पान मिरवणुकीच्या फोटोंनी भरलेलं असतं, आणि असायलाच पाहिजे. अग्निशमनवाल्यांना उरलेला कोपरा.

यंदा लांबलचक लिहितोय, कारण मागच्या महिन्यात एका गावात जे पाहिलं ते चार ओळींत मावत नाही. गावाचं नाव टाकत नाही, घरच्यांनी नको म्हटलं आहे.

घर साधंच. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, बाजूला टिनाचा गोठा. बैठकीत छतापर्यंत कापूस. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून ठेवलेला. आपल्याकडे हे नवीन नाही, अर्ध्या वऱ्हाडात फेब्रुवारी-मार्चपर्यंत माणसं कापसाला टेकून झोपतात, अंगाला खाज सुटते तरी झोपतात. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास जळका वास आला. कापसाच्या ढिगाच्या कडेला एक हातभर काळं दिसलं. शेजारीच भिंतीवर मोबाईलच्या चार्जरची वायर लोंबत होती. दोन घागरी पाणी टाकलं, काळा कापूस हाताने उपसून बाहेर फेकला, विझलं म्हणून सगळे जेवले, झोपले. रात्री दोनला म्हातारीला ठसका लागला म्हणून ती उठली. तिने सगळ्यांना ओढून बाहेर काढलं. पाच मिनिटांत बैठक पेटली, मग आढं, मग गोठ्यातलं कुटार. एक गोऱ्हा सुटला नाही.

फोन कुणाला करायचा हे गावात कुणाला माहीत नव्हतं. एकाने सरपंचाला केला, सरपंचाने तालुक्याच्या गावच्या एका ओळखीच्या नगरसेवकाला, त्याने गाडीच्या ड्रायव्हरला. गाडी आली तेव्हा तास उलटून गेला होता, भिंती तेवढ्या उभ्या होत्या. लोकांनी गाडीवाल्यांनाच शिव्या घातल्या. मी सकाळी पोहोचलो तर एक जवान अजून कापूस फावड्याने उलटून पाणी मारत होता. मला म्हणाला, "भाऊ, कापसाले वरून पानी मारून काही फायदा नसते. सांजच्यालेच पूर्ण ढीग फोडून अंगनात पसरला असता ना, तं आमची गरजच नसती पडली."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आलो आणि पहिल्यांदा शोधायला बसलो की हा अग्निशमन दिन १४ एप्रिललाच का असतो. वीस वर्षं ज्याच्या बातम्या छापल्या तो दिवस कशाचा हे मला अर्धवटच माहीत होतं. "मुंबईच्या गोदीतला स्फोट" एवढंच. त्या स्फोटाच्या मुळाशी कापूस होता, हे माहीत नव्हतं.

१९४४ साल. दुसरं महायुद्ध चालू. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं मालवाहू जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे मुंबईला आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीत त्यात कापसाच्या ८,७०० गाठी चढवल्या. कापूस खाली आणि त्याच्या वरच्या मजल्यावर दारूगोळा, अशी ती रचना. १४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या दोन नंबरच्या तळघरातून धूर दिसला. बंब आले. जवानांनी वरून पाणी मारायला सुरुवात केली. दोन तासांत नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं. आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. कापसाच्या गाठी आतून धुमसत होत्या आणि पाणी वाढलं तशा पेटत्या गाठी तरंगत वर गेल्या, थेट दारूगोळ्याकडे. जहाज गोदीबाहेर न्यावं की तिथेच बुडवावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत झालं नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबई हादरली, धुराचे लोट गावभर दिसले, पण युद्धाची सेन्सॉरशिप होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. आपल्या पत्रकारांना मात्र ती बाहेर पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली.

तो कापूस वऱ्हाडचा नव्हता. पण तो जळाला आपल्याच बैठकीतल्यासारखा. कापसात हवा कोंडलेली असते, ठिणगी आत शिरली की ज्वाळा न दाखवता दिवस-दिवस खात राहते. वरून टाकलेलं पाणी बाहेरचा थर भिजवतं, आतपर्यंत जात नाही. जिनिंगमधल्या कुठल्याही हमालाला विचारा, तो सांगेल: गाठीला आग लागली की आधी ती ओढून बाजूला न्यायची, फोडायची, मग पाणी. कारंजा, मंगरूळपीर, वाशिमच्या जिनिंगवाल्यांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते जिनिंगपासून दहा-पंधरा किलोमीटरवर राहणाऱ्या त्या घराला कुणी सांगितलं नव्हतं. कापूस पिकवणारा तोच, साठवणारा तोच.

आग विझवणं हे बंबवाल्यांचं काम, ही समजूत तशी अलीकडची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याची कामं सांगितली आहेत, त्यात आगीवर चांगला मोठा भाग आहे. उन्हाळ्यात भर दुपारी घरात चूल पेटवायची नाही, पेटवायची तर बाहेर. प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, छपराचं गवत ओढून काढायचं हत्यार आणि चामड्याची पखाल असलीच पाहिजे, नसेल तर दंड. रस्त्यावर पाण्याने भरलेल्या घड्यांच्या रांगा. विस्तवावर धंदा करणारे एका बाजूला वसवायचे. आणि सगळ्यात कडक म्हणजे, आग लागली असताना जो घरमालक मदतीला धावला नाही त्याला बारा पण दंड, भाडेकरूला सहा. आज हा नियम लावला तर मोबाईलवर व्हिडिओ काढत उभे राहणाऱ्यांकडून नगरपरिषदेला बरी कमाई होईल.

हे सगळं प्रत्यक्षात किती पाळलं गेलं देव जाणे. पण सामानाची यादी बघा. छपराचं गवत ओढायचं हत्यार त्यात आहे, कारण जळतं ते फोडून वेगळं केल्याशिवाय आग थांबत नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. त्या जवानाने मला सांगितलं ते हेच.

मग शहरं वाढली. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईत कोटाच्या आतला मोठा भाग जळाला. पुढे बंब आले, आधी घोड्यांचे. हे काम पोलिसांकडे होतं, १८८७ साली ते महापालिकेकडे गेलं. हळूहळू लोकांच्या मनात पक्कं झालं की आग म्हणजे लाल गाडी. शहरात ते चाललं, कारण गाडी दहा मिनिटांत येत होती. खेड्यात गाडी आली नाही, फक्त समजूत येऊन पोहोचली.

आता कागदावर बघू. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना कामांच्या याद्या दिल्या. नगरपालिकांची यादी बाराव्या अनुसूचीत. अठरा विषय, त्यात सातवा अग्निशमन सेवा. पंचायतींची यादी अकराव्या अनुसूचीत. एकोणतीस विषय. शेती, पिण्याचं पाणी, रस्ते, बाजार आणि जत्रा, ग्रामीण वीज. बारावा विषय तर इंधन आणि चारा. म्हणजे जळणाऱ्या दोन्ही वस्तू यादीत आहेत, विझवायचं यादीत नाही. मी ती यादी तीनदा वाचली. पंचायतीला कुणी अडवलेलं नाही हे खरं. पण त्या यादीने तिला ना गाडी दिली, ना माणूस, ना पैसा.

आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो? १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम वेगळा झाला. सहा तालुके. शहरी कारभार असलेली गावंही सहाच: वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या नगरपरिषदा, मालेगाव आणि मानोरा या नगरपंचायती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या अकरा लाख सत्त्याण्णव हजार, त्यात शंभरातले ब्याऐंशी जण खेड्यात. ब्याऐंशी जणांची आग विझवायला अठरा जणांची गाडी. नगरपरिषदांचे जवान खेड्यातही धावतात, रात्री-बेरात्री धावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण वीस-पंचवीस किलोमीटर, त्यात पांदण रस्ता, गावात वळायला जागा नाही, वरून लोंबणाऱ्या तारा. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी तो काय करणार?

आणि आपण विदर्भातले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे, १९५७ पासून. देशभरातले अधिकारी तिथे शिकायला येतात.

मोठी दुर्घटना झाली की ऑडिटची लाट येते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली, त्यानंतर राज्यभर दवाखान्यांचं फायर ऑडिट निघालं. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, पण त्याचा सगळा रोख मोठ्या इमारती, दवाखाने, हॉटेलं, गोदामं यांच्यावर. बैठ्या घरात कुणी तपासायला येत नाही. खरं तर देशात आगीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक राहत्या घरात मरतात, केंद्राच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात अलीकडच्या वर्षांत हेच चित्र आहे.

इथे माझ्या धंद्याचं एक पाप सांगतो. मी या लाईनीत आलो तेव्हा आमच्याकडे एक तयार वाक्य होतं, "स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली." वर्षानुवर्षं मराठी पेपरांनी हे वाक्य छापलं. छळाविरुद्धचं ४९८-अ कलम १९८३ साली आलं, हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ साली, तरी वाक्य तेच. प्रत्येक वेळी भडका फक्त सुनेच्याच अंगावर कसा उडतो, सासूच्या का नाही, हा प्रश्न आम्ही दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून एकमेकांना विचारायचो. बातमीत नाही लिहायचो. दोन-तीन बातम्या माझ्याही हातच्या आहेत. त्यातल्या एकीचा चेहरा अजून आठवतो.

स्टोव्ह गेला, ते वाक्य गेलं. त्याच्या जागी नवीन आलं: "शॉर्टसर्किटने आग लागल्याचा प्राथमिक अंदाज." हा प्राथमिक अंदाज पुढे अंतिम कधी होत नाही. तलाठी पंचनामा करतात, कारणाच्या रकान्यात शॉर्टसर्किट, आणि विषय संपतो. वायरमध्ये नेमकं काय झालं, फ्यूजला जाड तार कुणी बांधली, एका पिनवर कूलर, फ्रिज आणि पिठाची चक्की कशी चालत होती, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे शेजारचं घरही काही शिकत नाही. त्याच्या फ्यूजमध्येही तीच तार.

मदतीचं म्हणाल तर केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२ चे निकष सांगतो: जळालेल्या झोपडीला आठ हजार, घराला लागून असलेल्या गोठ्याला तीन हजार. तीन हजारांत टिनाची पत्रं किती येतात ते तुम्हीच सांगा.

चुलीच्या धुरातून बायका सुटल्या ही चांगली गोष्ट झाली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, वस्ती-तांड्यावर सिलेंडर पोहोचलं. सिलेंडर आलं, पण ते कसं वापरायचं हे बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीवाल्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं असेल तेवढंच.

मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या एका अग्निशमन केंद्राचं प्रात्यक्षिक मी पहिल्यांदा पूर्ण बसून पाहिलं. एरवी फोटो काढून निघायचो. शाळेचं पटांगण, पुढे पोरं, मागे पालक म्हणून आलेल्या बायका. जवानाने रिकाम्या होत आलेल्या सिलेंडरच्या तोंडाला आग लावली. पोरं किंचाळली. त्याने ओली गोधडी समोर धरून, चालत जाऊन, सिलेंडरवर टाकली आणि नॉब फिरवला. विझलं. "तोंडाशी जळते तवा घाबरायचं नाही," तो म्हणाला, "न जळता सुटते तवा घाबरायचं." गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो, पलंगाखाली, कपाटामागे. वास आला की आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, आणि बटणाला हात लावू नका. चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळी पडते. मग बाहेर येऊन १९०६ ला फोन.

मग एका मावशींनी विचारलं, "सिलेंडर जुनं हाय का नवं, हे कसं वळखावं?" पोरांचे प्रश्न "गाडीत पाणी किती" असे होते, हा खरा प्रश्न. जवानाने सिलेंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथे एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे सालाचे. बी २७ असेल तर जून २०२७ नंतर ते तपासणीला गेलंच पाहिजे, तारीख उलटलेलं सिलेंडर घ्यायचं नाही, परत द्यायचं. मी डिप्लोमावाला, वीस वर्षं बातम्या लिहिणारा, मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन पहिलं सिलेंडर पाहिलं. नळी पाहिली. नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आमची सात वर्षांची निघाली.

दुसऱ्या एकीने विचारलं, कढईतलं तेल पेटलं तर? पाणी टाकलं तर भडका छतापर्यंत जातो; गॅस बंद करायचा आणि कढईवर परात झाकायची. हलवायची नाही. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काही लावायचं नाही. अंगावरचे कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. आणि गॅसने अपघात झालाच तर नोंदणी असलेल्या ग्राहकाच्या घराला तेल कंपन्यांचा विमा असतो: मृत्यूला सहा लाख, घराच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत. एजन्सीला लगेच लेखी कळवावं लागतं. हे एजन्सीच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात असायला हवं.

प्रात्यक्षिक तासभर चाललं. बाहेर पडताना त्या मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना ए-बी-सी-डी सांगत होत्या. त्या दिवशीही मी चार ओळीच छापल्या.

तर आता मुद्द्याचं. २०२३ साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना जाहीर केली. त्यातून आपल्या जिल्ह्याला गाड्या मिळाव्यात, खेड्यांच्या गटासाठी एखादं छोटं केंद्र व्हावं, हे आमदार-खासदारांनी मागायचं काम आहे आणि आपण त्यांना विचारत राहायचं आहे. ते होईल तेव्हा होईल. १ मे ला मात्र गावोगाव ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेवर एक ओळ टाकायला सरपंचाला कुणाची परवानगी लागत नाही. तालुक्याच्या अग्निशमन केंद्राचा नंबर चावडीवर, शाळेवर, पाण्याच्या टाकीवर रंगवायचा, सोबत १०१ आणि ११२. टाकीला मोठा पाईप जोडता येईल असा एक व्हॉल्व्ह ठेवायचा. सोयाबीनच्या सुड्या आणि कुटार घरांपासून लांब. धुरे पेटवायच्या आधी शेजाऱ्याला सांगायचं. आणि घरात कापूस ठेवायचाच असेल तर वायर आणि बोर्ड नसलेल्या भिंतीला, मधे चालायला वाट ठेवून. वास आला तर ढीग फोडून अंगणात.

यंदाची प्रेसनोट परवा आली. मी केंद्रावर फोन करून विचारलं, शहरातल्या शाळा झाल्यावर त्या जळालेल्या घराच्या गावात याल का? म्हणाले, पंचायतीचं पत्र द्या, येतो. पत्र काल दिलं. २० एप्रिल, सकाळी आठ, जिल्हा परिषद शाळेचं पटांगण, ऊन तापायच्या आत. आजूबाजूच्या गावच्यांनीही या. येताना घरची एखादी जुनी गोधडी घेऊन या, त्यांच्याकडे एकच आहे.